आप्पांची चेतक पुन्हा रस्त्यावर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, चाळीच्या जिन्याखाली किंवा अंगणाच्या कोपऱ्यात एखादी जुनी स्कूटर उभी असते. तिच्यावर फाटकी ताडपत्री असते, टायर बसलेले असतात आणि सीटखाली मांजरीने पिले घातलेली असतात. घर आवरायला काढले की कोणीतरी म्हणतेच, "ही एकदाची भंगारात द्या." काहीजण देऊन टाकतात. बाकीचे देत नाहीत, पण दुरुस्तही करीत नाहीत. साडेतीन वर्षे मी या दुसऱ्या गटात होतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, २०२० साली गेले. त्यांची १९८४ सालची चेतक तेव्हापासून जिन्याखाली उभी होती. २०२३ च्या डिसेंबरमध्ये कपाटातील कागद लावताना स्कूटरचे नोंदणीपुस्तक हाती आले. नोंदणीची मुदत जून २०२४ मध्ये संपत होती. म्हणजे सहा महिन्यांत ती चालती करून आरटीओपुढे उभी करायची, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचे. मी कचेरीत कारकून. आयुष्य फायली आणि हिशेब यांत गेले. पान्ह्याशी संबंध सायकलपुरताच. तरीही घरीच हे काम करायचे ठरवले. त्यात काय साधले, काय चुकले आणि एका चुकीने घरच्या माणसाच्या जिवाशी कसा खेळ झाला असता, हे सांगण्यासाठी हा लेख.

नंबर लागला तेव्हा

नव्या पिढीला खोटे वाटेल, पण त्या काळी पैसे असूनही स्कूटर मिळत नसे. अनामत भरून नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. सरकारी परवान्याप्रमाणे कारखान्यांनी किती गाड्या बनवायच्या, यावर मर्यादा होती आणि मागणी कितीतरी जास्त. आप्पांनी १९७७ साली नाव नोंदवले आणि १९८४ साली नंबर लागला. ते पिंपरीच्या पट्ट्यातील एका कारखान्यात हेल्पर होते. सात वर्षे त्यांनी दर पगाराला थोडे थोडे बाजूला टाकले. गाडी घरी आली त्या दिवशी वस्तीतील निम्मी मंडळी बघायला आली होती, असे आई सांगते. मी चार वर्षांचा होतो. पुढे पायदानावर उभा राहून हँडल धरायची माझी जागा ठरलेली होती.

या गाडीचे मूळ इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, पियाजिओ कंपनीने व्हेस्पा स्कूटर बाजारात आणली. तिची रचना करणारे कोरादिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंता होते. त्यांना मोटारसायकल आवडत नसे. तिच्यावर कपडे तेलाने खराब होतात आणि पंक्चर झाले की चाक काढणे जिकिरीचे, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी इंजिन पत्र्याच्या आत मागच्या चाकाशेजारी घेतले, साखळी काढून टाकली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. गाडीला वेगळी चौकट नाही. दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण जुन्या स्कूटरचा पत्रा सडला म्हणजे तिचा कणाच सडला.

पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्यावर ही स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ पासून 'चेतक' या नावाने गाडी बाजारात आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' बनत असे. चेतकचे टू-स्ट्रोक इंजिन १४५.४५ सीसीचे, सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. चार गिअर, तेही डाव्या मुठीत. कारखान्यात ही गाडी बनणे केव्हाच थांबले. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर रस्त्यावर आली आहे, पण ती गाडी पूर्णपणे वेगळी. जुन्या चेतकची संख्या मोठी असल्यामुळे तिचे सुटे भाग मात्र आजही मिळतात. आपल्यासारख्यांना ती घरी दुरुस्त करणे परवडते ते यामुळेच.

आधी तपासणी, मग पान्हा

उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी गाडी खोलून बसू नका. आधी ती धुवा आणि वही-पेन घेऊन तिच्याभोवती फिरा.

पायदानावरची रबरी मॅट उचला. पावसाचे पाणी तिच्याखाली साचते आणि पत्रा आतून खातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर पत्रा ठीक. बद्द आवाज आला किंवा टोक आत गेले तर वेल्डिंगला पर्याय नाही. मधल्या स्टँडचे बोल्ट जेथे बसतात तेथे चिरा पडतात, तेही पाहा. जुनी गाडी विकत घेत असाल तर खिशात एक लोहचुंबक ठेवा. पत्र्याला तो चिकटतो. जेथे चिकटत नाही तेथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे असे समजा. वरून चकाकणारी गाडी आतून पोकळ असू शकते.

आमच्या गाडीचे पायदान एका कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढे सडले होते. बाकी सांगाडा शाबूत होता. तेवढा तुकडा वेल्डिंगवाल्याकडून कापून नवा बसवला.

मग वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात 'यावाचून चालणार नाही', दुसऱ्यात 'केले तर बरे', तिसऱ्यात 'हौस'. ब्रेक, टायर, केबल, इंजिनाची सील, वायरिंग हे पहिल्या रकान्यात. बारा व्होल्टचे दिवे दुसऱ्यात. रंग आणि चकचकीत पट्ट्या तिसऱ्यात. नियम असा की पहिला रकाना पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्याला एक रुपया द्यायचा नाही. पुष्कळांचे उलट होते. आधी रंग होतो, पैसे संपतात आणि गाडी नवऱ्यामुलासारखी नटून पुन्हा जिन्याखाली उभी राहते.

इंजिन खोलताना

आमच्या वस्तीपासून जवळच एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना मी सरळ सांगितले, "चाचा, मेहनत मी करतो, तुम्ही फक्त चुकले तिथे हटका." ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, खोलायला कुणालाही येतं. सुटी केलेली गाडी परत जोडली, की मिस्त्री."

त्यांनी दिलेला पहिला सल्ला सर्वांनी पाळावा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी चिकटवा. पिस्टनवर बाण असेल तर त्याचे टोक कोणीकडे होते ते लिहून ठेवा. फ्लायव्हील हातोडीने कधीही ठोकू नका. त्यासाठी पुलर नावाचे स्वस्त हत्यार मिळते, ते घ्या.

पेट्रोलची टाकी काढताना पोरांना दूर ठेवा आणि घरातील गॅस, स्टोव्ह, उदबत्ती, विडी सर्व विझलेले आहे ना ते पाहा. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण ती जमिनीलगत पसरत जाते. आमच्या टाकीत गंज होता. ती रिकामी करून मोकळ्या हवेत पूर्ण सुकवली. मग मूठभर नट टाकून कोमट पाण्यातील लिंबूसताने भरून रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी खळखळून ओतली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि उन्हात वाळवली. वाळल्याबरोबर आत थोडे तेल फिरवायचे, नाहीतर चार तासांत पुन्हा गंज धरतो.

चाकांबाबत एक धोक्याची सूचना. या स्कूटरची रिम दोन अर्ध्या भागांची असते. चाक हबला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग एकत्र धरणारे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर दोन्ही भाग उसळून तोंडावर येतात. टायर काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच पान्हा लावा.

ब्रेकच्या ड्रममधील धूळ फुंकू नका. जुन्या ब्रेकशूमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असते आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

इंजिन उघडल्यावर सिलिंडरला ओरखडे दिसले. लेथवाल्याकडून बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. क्लचच्या प्लेटा, बेअरिंग, गॅस्केट सगळे नवे. कार्बोरेटर रॉकेल आणि ब्रशने साफ केला. सायलेन्सर टू-स्ट्रोकच्या काजळीने चोक झालेला होता. तो भट्टीत भाजून मोकळा करतात. त्याचा धूर विषारी, म्हणून ते काम घरी न करता मिस्त्रीकडे दिले.

शंभर रुपयांची सील

आता माझ्या चुकीबद्दल.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. एक क्लचच्या बाजूला, दुसरी फ्लायव्हीलच्या बाजूला. क्लचकडची सील गेली तर गिअरबॉक्सचे तेल इंजिनात ओढले जाते आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात. ते निदान दिसते तरी. फ्लायव्हीलकडची सील गेली तर बाहेरची हवा आत ओढली जाते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण होते. पेट्रोलबरोबरच तेल येत असल्याने तेलही कमी पडते. इंजिन तापते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. बाहेरून मात्र गाडी झकास पळत असते.

मी आणलेल्या सेटमध्ये फ्लायव्हीलकडची सील नव्हती. जुन्या बाजारात जायचे तर बुधवार किंवा रविवारची वाट पाहायला हवी होती. जुनी सील वरून बरी दिसत होती. चाचा गावी गेले होते. जेमतेम शंभर रुपयांची वस्तू, पुढे बदलू, असे म्हणून मी जुनीच ठेवली आणि इंजिन जोडून टाकले.

फेब्रुवारीच्या त्या सकाळी तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आई दारात आली. तिने काही न बोलता डोळ्याला पदर लावला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. मी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. मुक्त्यारी मिळाल्यासारखे वाटत होते. बारावीत असलेली मुलगी म्हणाली, "पप्पा, मला पण." तिला मागे बसवून जवळच्या बंद आवारातील मोकळ्या रस्त्यावर नेले.

मूठ सोडली तरी इंजिनाचा आवाज खाली येत नव्हता, आपोआप रेस होत होता. हवा गळत असल्याची ती खूण आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटले, केबल अडकते आहे. आणखी थोडे पुढे गेलो आणि एकाएकी मागचे चाक जागच्या जागी अडकले. गाडी घसरत आडवी झाली. वेग बेताचाच होता, रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती आणि दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून वाचलो. मुलीचे कोपर आणि गुडघा सोलवटला. हमरस्ता असता आणि मागून ट्रक येत असता, तर हा लेख लिहायला मी नसतो, किंवा लिहिण्याचे धैर्य माझ्यात नसते.

गाडी ढकलत घरी आणली. आईने नातीला हळद लावली आणि एवढेच म्हणाली, "आप्पांनी छत्तीस वर्षांत कुणाला पाडलं नाही रे." त्या रात्री मी जेवलो नाही.

गावाहून आल्यावर चाचांनी प्लग काढून दाखवला. त्याचे टोक पांढरेफटक होते. चांगल्या इंजिनाचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त. त्यांनी जुनी सील बोटात धरून वाकवली, तर ती रबरासारखी वळली नाही, वाळक्या सालीसारखी तडकली. पुन्हा सगळे इंजिन उघडले, पुन्हा बोअर, पुन्हा पिस्टन. माझ्या वहीत त्या शंभर रुपयांच्या बचतीसमोर साडेतीन हजारांचा खर्च लिहिलेला आहे. तो मी मुद्दाम खोडलेला नाही.

यातून दोन गोष्टी शिकलो. एक, उघडलेल्या इंजिनात जुनी सील परत घालायची नाही, ती कितीही चांगली दिसो. दुसरी, बोअर केलेल्या इंजिनाची गाडी पहिले पाचशे-हजार किलोमीटर एकट्याने, मध्यम वेगाने चालवायची आणि डाव्या हाताची दोन बोटे कायम क्लचवर ठेवायची. इंजिन अडकल्याचे जाणवताच क्लच दाबला की चाक मोकळे होते. ही एवढी माहिती मला आधी असती तर मुलगी पडली नसती.

नवे काय घ्यावे

जुने ते सगळे सोने नसते. १९८४ ची आमची गाडी सहा व्होल्टची, प्लॅटिनम पॉइंटची. तिचा हेडलाइट म्हणजे कंदील. इंजिन हळू असेल तर तो आणखी मंद होई. पुढे कंपनीनेच बारा व्होल्टची इलेक्ट्रॉनिक गाडी आणली. तिचा फ्लायव्हील, स्टेटर प्लेट, सीडीआय आणि रेग्युलेटर जुन्या गाडीला बसवता येतात. मात्र विकत घेण्यापूर्वी क्रँकशाफ्टच्या टोकाचा निमुळता भाग आणि नव्या फ्लायव्हीलचे भोक जुळते का, हे दोन्ही समोर ठेवून पाहा. व्होल्ट बदलले की सर्व बल्ब आणि हॉर्नही बारा व्होल्टचे हवेत, नाहीतर सहा व्होल्टचे बल्ब क्षणात उडतात. पॉइंटची कटकट गेली, एका किकला गाडी सुरू होते आणि रात्री रस्ता दिसतो. हा खर्च मला सार्थकी लागलेला वाटतो.

वायरिंग संपूर्ण नवे घातले. चाळीस वर्षांच्या वायरीचे प्लास्टिक हातात चुरा होऊन येते. त्यात एक फ्यूज वाढवला. दोन्ही बाजूंना आरसे लावले. टायर नवे, ३.५०-१० मापाचे. टायर घेताना त्याच्या बाजूवर छापलेले चार अंक वाचायला शिका. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. दुकानात पाच वर्षे पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नये.

आणखी एक नवी अडचण म्हणजे आजचे पेट्रोल. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्वत्र आहे. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरचे गॅस्केट इथेनॉल सोसणारे घाला. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. या मिश्रणाने इंजिन जरासे कोरडे चालते. त्यामुळे प्लगच्या रंगावर नजर ठेवा आणि गरज वाटल्यास मिस्त्रीकडून जेट पाहून घ्या.

टू-टी ऑइल लिटरला वीस मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के. पंपावरचे तेल घालायचे यंत्र आता क्वचित दिसते. डिकीत खुणा केलेली छोटी बाटली ठेवा. तेल आधी आणि पेट्रोल नंतर ओता, म्हणजे ते नीट मिसळते. अंदाजाने जास्त तेल ओतले तर धूर होतो आणि पियूसी मिळत नाही. कमी ओतले तर काय होते ते वर सांगितले आहेच.

पुढे डिस्क ब्रेक, मोठे इंजिन, मोबाईलवर पाहिलेले आणखी काही, असा मुलांचा आग्रह असतो. त्यावर कायदा काय म्हणतो ते पुढे पाहू.

रंगाचा वाद

मुलीला गाडी दोन रंगांत हवी होती, वर पांढरी आणि खाली पोपटी. आईला तीच जुनी निळी हवी होती. वाद चार दिवस चालला. पोपटी रंगात गाडी छान दिसली असती, हे मी कबूल करतो. पण रंग बदलला की नोंदणीपुस्तकातही तो बदलून घ्यावा लागतो, आणि दुसरे म्हणजे ती निळी गाडी दिसली की आजही वस्तीतील म्हातारी माणसे "आप्पांची गाडी" म्हणतात. मुलीने स्वतःच माघार घेतली. सीटकव्हर मात्र तिच्या पसंतीचे.

जुना रंग पॉलिश पेपरने मीच काढला. सहा रविवार गेले. त्याचा फवारा अंगणात मारणे बरोबर नाही. धूळ बसते आणि शेजाऱ्यांच्या नाकात जाते. त्यामुळे प्रायमर आणि रंग गॅरेजमधून करून घेतला. डाव्या पत्र्यावर एक पोचा होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या रात्री आईला दवाखान्यात नेताना गाडी खांबाला घासली होती, त्याचा. रंगवाल्याने विचारले, "हा काढू ना?" आई म्हणाली, "राहू दे." तो तसाच आहे.

कागद हे अर्धे काम

मी कारकून असल्याने हा भाग जरा विस्ताराने सांगतो. कित्येक चांगल्या दुरुस्त झालेल्या गाड्या कागदांवाचून अडकतात.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी फॉर्म २५, वाहनाची प्रत्यक्ष तपासणी, विमा, पियूसी आणि आपल्या राज्यात जुन्या वाहनांवरचा पर्यावरण कर, एवढे लागते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क तीनशेवरून एक हजार रुपये झाले आणि पुढेही ते वाढत गेले आहे. म्हणून जाण्यापूर्वी ताजा दर विचारून घ्या. मुदत उलटली तर विलंब आकार महिन्यागणिक चढतो. म्हणूनच मला जून महिना गाठायचा होता.

मालक वारला असेल तर वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. आमच्याकडून ते राहून गेले होते. दुःखात असे कागद कोणालाच सुचत नाहीत, पण प्रत्येक घरात एकाने तरी ते सुचवायला हवेत. मृत्यूचा दाखला, आईची व भावंडांची संमतीची प्रतिज्ञापत्रे आणि दंड भरून गाडी माझ्या नावे झाली. मधल्या माणसाने या सर्वांसाठी जी रक्कम सांगितली, तिच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झाले. चार खेपा पडल्या, एवढेच. अर्ज आपल्याला वाचता येतो, भरता येतो. न येणाऱ्याला शेजाऱ्याने भरून द्यावा.

रंगवाल्याला आधीच बजावा की चेसिस नंबरवर रंगाचा जाड थर चढू देऊ नको. तपासणीत त्या नंबरची पेन्सिलने छाप घेतात. ती उमटली नाही तर सारे अडते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना नवी सुरक्षित नंबरप्लेट लावावी लागते. आप्पांनी हाताने रंगवून घेतलेली तीन अक्षरांची जुनी प्लेट मी घरातील भिंतीवर लावली आहे.

'व्हिंटेज' हा शब्द आपण सहज वापरतो, पण कायद्यात त्याला अर्थ आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, इंजिन मुळातून न बदललेली गाडीच व्हिंटेज. तिच्या नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन किंवा रॅलीखेरीज रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आपल्याला गाडी चालवायची आहे. त्यामुळे त्या वाटेला जायचे कारण नाही. तसेच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मनाने बदल करता येत नाही. मोठे इंजिन किंवा मनाला येईल ती विजेवरची मोटर घालून अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करील. विजेवर गाडी करायचीच असेल तर सरकारमान्य संस्थेने तपासलेला संच आणि आरटीओची परवानगी, दोन्ही लागतात.

हिशेब आणि शिल्लक

वही मिटताना एकूण खर्च तेवीस हजारांच्या आसपास झाला. त्यात माझ्या चुकीचे साडेतीन हजार आहेत. सर्वांत मोठा आकडा रंगाचा, त्याखालोखाल इंजिनाचा. मजुरी जवळजवळ शून्य, कारण रविवार माझे होते. भंगारवाला जे देत होता त्यात चार दिवसांचा बाजारही आला नसता. तरी मी असे म्हणणार नाही की प्रत्येकाने हे करावे. सांगाडा सडलेला असेल, कागद नसतील किंवा घरात आजारपण आणि शिक्षणाचा खर्च उभा असेल, तर नोंदणीकृत केंद्रात गाडी रीतसर मोडीत काढून नोंदणी रद्द करून घ्यावी. नोंदणी रद्द न करता भंगारात दिलेली गाडी उद्या कोणत्या कामाला वापरली जाईल आणि पोलीस कोणाच्या दारी येतील, सांगता येत नाही.

१९ जून २०२४ रोजी आमची गाडी तपासणीत पास झाली. निरीक्षकांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, छाप घेतली. पाच वर्षांचा शिक्का पडला. घरी आल्यावर आईला म्हटले, "चल, एक चक्कर." ती सत्तरी ओलांडलेली. आप्पांच्या मागे बसे तशीच ती एका बाजूला बसायला निघाली. मुलगी म्हणाली, "आजी, तसं नाही, दोन्हीकडे पाय टाकून बस." आणि तिने आपले हेल्मेट आजीच्या डोक्यावर चढवून पट्टा लावला.

आम्ही वस्तीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. माझी दोन बोटे क्लचवर होती. तेव्हापासून ती तेथेच असतात.